ऐनाच्या सालीवरची चौकट

सरांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. साल लक्षात राहायची.

एम.एस्सी.च्या पहिल्या आठवड्यात ते एकेकाला उभं करायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, गाव विचारायचे, सकाळी काय खाल्लं ते विचारायचे आणि त्याला एक झाड देऊन टाकायचे. ते झाड मग दोन वर्षं सुटत नसे. आमच्या वर्गात पेठेतला एक देखणा, गोड बोलणारा मुलगा होता. तो 'नाणा' झाला. नाण्याची साल गुळगुळीत असते आणि ती सारखी पापुद्रे टाकते. "ह्याच्यावर काय चिकटायचं न्हाई," सर म्हणाले. "आज शिकीवलं, उद्या साल टाकून मोकळा." कागलची एक मुलगी फार फटकळ होती, ती 'सावर', कारण कोवळ्या सावरीला अंगभर काटे. माझ्याकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ऐन."

ऐनाची साल काळपट असते, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. मी रंगानं काळी, गडहिंग्लजच्या शाळेतून आलेली, बोलताना तोंडातून निम्मं कानडी वळण निघायचं. मला वाटलं, सगळ्यांदेखत माझा रंग काढला. होस्टेलवर जाऊन मी रडले. ऐन म्हणजे काय ते मला वर्षभरानं कळलं, आणि तेही सरांनी मुद्दाम सांगितलं म्हणून नव्हे. आम्ही पन्हाळ्याच्या उतारावर उभे होतो, त्यांनी एका ऐनाच्या भेगेत करंगळी घातली आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "भेगा हायत म्हणून पाणी थांबतंय. पाणी थांबतंय म्हणून कोण तरी ऱ्हायला येतंय. गुळगुळीत झाडाकडं कोण जातंय मरायला?"

ऱ्हायला येणारं ते 'कोण तरी' म्हणजे शैवाक. बुरशी आणि शेवाळ एकमेकांच्या आधारानं संसार मांडतात तो हा जीव. झाडाच्या सालीवर पांढरे, करडे, हिरवट डाग दिसतात, आपण त्यांना डागच समजतो, ते हे. मसाल्यात घालतो ते दगडफूल त्यातलंच. त्यामुळं सगळ्या कॉलेजात सरांचं नाव 'दगडफूल सर'. त्यांना ते माहीत होतं आणि मान्यही होतं. एका विद्यार्थ्याच्या लग्नात मसालेभाताच्या पहिल्याच घासाला त्यांच्या तोंडात दगडफुलाचा तुकडा आला. त्यांनी तो बाहेर काढला, पाण्याच्या भांड्यात धुतला, गळ्यातलं भिंग लावलं आणि शेजारच्या पंगतीतल्या नवरीच्या मामांना म्हणाले, "पावणं, हे आपल्या भागातलं न्हवं. लई लांबनं आलंय." मामांना वाटलं, भाताला नाव ठेवतायत. ते चिडून म्हणाले, "तांदूळ घरचा हाय आमच्या!" सर म्हणाले, "तांदळाचं कोण इचारतंय?" पुढचा अर्धा तास वधूपक्षाला समजावण्यात गेला.

गळ्यात भिंग आणि खांद्याच्या पिशवीत न्हाव्याकडची फवाऱ्याची बाटली, एवढंच सरांचं सामान. बाटली त्यांनी खरोखरच आपल्या न्हाव्याकडून मागून आणली होती. कोरड्या सालीवर त्यातलं पाणी मारायचं आणि थांबायचं. आत्ता राखेसारखं दिसणारं शैवाक बघता बघता हिरवं होतं. आम्ही शंभर वेळा पाहिलं असेल, पण दर वेळी सर मागं वळून आमच्याकडं बघायचे, जादूगार टोपीतनं कबूतर काढून बघतो तसे. वर्गात कुणी पेंगलं तर तोच फवारा तोंडावर बसायचा. "बघू, हिरवा होतोय का."

त्यांच्याकडं लुना होती. ती रस्त्यात कुठंही थांबायची. एकदा भर चौकात, सिग्नल हिरवा झाल्यावर, सर लुना जागीच लावून कडेच्या झाडाकडं चालत गेले. मागं रिक्षा, टेम्पो, उसाची ट्रॉली, सगळ्यांचे हॉर्न. मी आणि सावर पलीकडच्या फुटपाथवरून बघत होतो. पोलीस शिट्टी फुंकत आला.

"ओ मास्तर! गाडी कुणाची ही?"

"माझी की."

"मग हलवा की!"

"एक मिनिट. हे बघा, चौकाकडच्या अंगाला काय न्हाई. निस्तं काळं. आनि ह्या मागल्या अंगाला बघा, कसं धरलंय."

पोलीस बघायला लागला. माणूस बोट दाखवतो तिकडं बघणं हा आपला स्वभावच आहे. "मग?" तो म्हणाला.

"मग काय? तुम्ही दिवसभर कुठल्या अंगाला उभं ऱ्हाता?"

पोलिसानं शिट्टी खिशात टाकली. त्यानं स्वतःच लुना ढकलत कडेला आणली. त्यानंतर तो झाडाच्या मागच्या अंगाला उभा राहून शिट्टी वाजवतो असं सावर सांगायची, पण सावरचं सगळंच खरं मानण्यात अर्थ नसे.

माझा प्रबंधाचा विषय असाच ठरला. सरांनी विचारलं, "ऐन, तुझं गाव कुठलं?"

"गडहिंग्लजच्या पलीकडं, सर. आजऱ्याच्या वाटेवर."

"वाटंत जंगल हाय?"

"आहे की."

"पानं गळणारं?"

"उन्हाळ्यात सगळं उघडं पडतं."

"मग झालं. आणखी काय पायजे?"

रस्त्याच्या कडेची वीस झाडं आणि तशीच वीस झाडं आत, अर्धा कोस जंगलात, ओढ्याच्या बाजूला. प्रत्येक झाडाला चार दिशांना चार चौकटी, छातीच्या उंचीवर. चौकट लाकडाची, वीतभर लांब-रुंद, आत दोऱ्यांची जाळी. ती झाडाला टेकवायची आणि कोणत्या घरात काय बसलंय ते लिहायचं. खपलीसारखं, पानासारखं की दाढीसारखं, ही सरांची तीन नावं. जागा चुकू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार बारीक खिळे. तीच चौकट पावसाळ्यात, तीच हिवाळ्यात आणि तीच शेवटी उन्हाळ्यात, पानं गळून खोडावर ऊन आल्यावर. कोणत्या झाडावर कोण राहतं, कुठल्या बाजूला, आणि धूळ, सावली, ओल बदलली की वस्ती कशी बदलते, हा माझा सगळा प्रश्न. रस्त्याकडची वीस आणि आतली वीस यांची तुलना हे त्याचं हाड. ते मोडलं तर राहतं काय, नुसती यादी.

"वडील काय करतात?" सरांनी तेव्हाच विचारलं होतं.

"बांधकाम खात्यात आहेत, सर."

"मग बरं हाय. साहेबांना सांग, रस्त्याचं झाड तोडताना आधी साल बघा म्हणावं."

मी मान हलवली. मी खोटं बोलले नव्हते. अप्पा खात्यातच होते. ते मैलकुली होते. रस्त्याच्या गँगमध्ये खड्डे बुजवायचे, गटारी काढायचे, कडेची झुडपं तोडायचे आणि फाट्यावरच्या झाडांना गेरू-चुना लावायचे. मी शाळेत असताना कुणी विचारलं तर छाती काढून सांगायची. कॉलेजात आल्यावर 'बांधकाम खात्यात' हे कधी तोंडात बसलं ते मलाच कळलं नाही. पण त्या दिवशी सरांपुढं ते का निघालं, त्याला कारण होतं, आणि ते कारण पहिल्या वर्षी घडलं होतं.

कॉलेजला बाहेरून तपासणीची मंडळी येणार होती. त्यासाठी आवारातल्या सगळ्या झाडांच्या बुंध्यांना रातोरात गेरू आणि चुना लागला. खाली तांबडा पट्टा, वर पांढरा. सकाळी सर आले. मोठ्या चिंचेच्या बुंध्यावर ते गेली अकरा वर्षं शैवाकांची वाढ बघत होते. एका खपलीला त्यांनी पोरासारखं वाढताना पाहिलं होतं, वर्षाला तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्यावर चुना. जवळच म्हातारा शिपाई बादली धूत होता. त्याला सगळे मामा म्हणायचे. सर त्याच्यावर ओरडले. त्यांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"डोळं फुटलं हुतं काय? जनावर हाईस का माणूस हाईस?"

मामा बादली खाली ठेवून उभे राहिले. "सायेब, लाव म्हटलं, लावला."

"लाव म्हटलं म्हणून आईच्या तोंडाला लावशील काय?"

मामा खाली बघत होते. त्यांच्या हाताच्या भेगांत चुना भरला होता. मी ते हात ओळखत होते. आमच्या घरी संध्याकाळी आई, आमची अव्वा, खोबरेल तेल गरम करून तसल्याच हातांवर घालायची.

नंतर तीन दिवस सर दात घासायचा ब्रश आणि पाण्याची बादली घेऊन चिंचेपाशी बसले. चुना निघाला. चौथ्या दिवशी ते आम्हाला बुंध्याजवळ घेऊन गेले. तिथं काहीच नव्हतं, नुसती घासलेली साल. "निम्मं चुन्यानं मारलं," ते म्हणाले, "निम्मं मी मारलं. लिवून घ्या. हात आवरता येत नसंल त्यानं ह्या विषयात पडू नये." सरांची ही गोष्ट मला फार मोठी वाटली आणि आजही वाटते. पण मामांना ते बोललेले शब्दही माझ्या मनातून गेले नाहीत. म्हणून मैलकुली हा शब्द त्यांच्यापुढं माझ्या तोंडून निघाला नाही.

दुसऱ्या वर्षाचा मे महिना. पावसाळ्याची मोजणी झाली होती, हिवाळ्याची झाली होती. उन्हाळ्याची शेवटची राहिली होती आणि जूनमध्ये प्रबंध द्यायचा होता. मी लेखी परीक्षेसाठी कोल्हापुरात अडकले होते. गडहिंग्लजची एक मुलगी सुट्टीवरून परत होस्टेलवर आली आणि सहज म्हणाली, "तुमच्या बाजूला मंत्री यायलेत वाटतं. आजऱ्याचा रस्ता कसला नटवायलेत! एकूण एक झाडाला गेरू-चुना."

जंगलातल्या त्या पट्ट्यात आजवर कधी कुणी चुना लावला नव्हता. चुना छातीपर्यंत लावतात. माझ्या चौकटी छातीच्या उंचीवर. म्हणजे रस्त्याकडची वीसच्या वीस झाडं गेली. आणि तो पट्टा अप्पांच्या गँगचा.

सरांना सांगितलं. त्यांनी भिंग गळ्यात अडकवलं. मग पिशवी उचलून म्हणाले, "चल."

"सर, आत्ता?"

"मग कधी? मंत्री येऊन गेल्यावर?"

एस.टी. कागलला थांबली तेव्हा सांगावं म्हटलं. सर खिडकीतून रस्त्याकडेच्या वडांकडं बघत होते. निपाणीला सांगावं म्हटलं, तर ते डोळे मिटून बसले होते आणि ओठ हलत होते. कुणाला काय बोलायचं त्याची तयारी चालली असावी. संकेश्वर गेलं. गडहिंग्लजला गाडी बदलली. तिथल्या स्टँडवर त्यांनी मला लिंबूसरबत पाजलं आणि म्हणाले, "भिऊ नको. झाडं जाऊंदेत, तुला मी वाऱ्यावर सोडणार न्हाई. पण ज्यानं लावलाय त्याला आज मी दावतो." मी अर्धा ग्लास तसाच ठेवला. प्रबंध जाणार याची भीती होतीच, पण आता तिच्यापुढं दुसरी मोठी भीती उभी राहिली होती. सर अप्पांना माझ्यादेखत तसं बोलले तर मी काय करायचं? सरांवाचून मी इथवर आले नसते. अप्पांवाचून तर आलेच नसते.

फाट्यावर उतरलो. रस्ता खरोखरच नटला होता. दुतर्फा झाडांना तांबडे-पांढरे पट्टे, नुकत्याच लावलेल्या चुन्याचा वास. पुढं वळणावर गँग काम करत होती. डोक्याला टॉवेल बांधलेला एक माणूस पाठमोरा उभा होता, हातात कुंचा, पायाशी बादली. पाठीवरून मी ओळखलं. सरांनी पावलं उचलली. ते पाच-सहा पावलांवर पोचले तेव्हा मी धावत जाऊन त्यांच्या पिशवीचा बंद धरला.

"सर, ते माझे अप्पा आहेत."

सर थांबले. माझ्याकडं बघितलं, मग त्या पाठीकडं. अप्पांनी आवाज ऐकून मान वळवली.

"अक्का? तू कशी काय आलीस मधनंच?" अप्पा मला लाडानं अक्का म्हणायचे. सरांना बघून त्यांनी टॉवेल काढला. "नमस्कार पावणं. जरा सरकून उभं ऱ्हावा, चुना उडतोय."

सर सरकले नाहीत. त्यांचं लक्ष अप्पांच्या हातांकडंही नव्हतं. ते अप्पांच्या पुढ्यातल्या झाडाकडं बघत होते. तो माझा चौदा नंबरचा ऐन होता. खाली गेरू, वर चुना, सगळीकडं सफाईनं लावलेला, दोन हात दिलेला. आणि पांढऱ्याच्या मधोमध, चार खिळ्यांच्या आत, सालीचा एक काळा चौकोन जसाच्या तसा. कडा अशा सरळ की फूटपट्टी लावून ओढल्यासारख्या. सर झाडाभोवती फिरले. चारी बाजूंना चार चौकोन.

त्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि फवारा मारला. आम्ही तिघंही थांबलो. राखेसारखी खपली हळूहळू हिरवी झाली.

"आयला," अप्पा म्हणाले. "हे असं हुतंय व्हय?"

मी तिथंच मैलाच्या दगडावर बसले.

"तुम्ही हे चौकोन कसं सोडलं?" सरांनी विचारलं. आवाज अगदी खाली आला होता.

अप्पांनी बादलीमागून गोणपाटाचा एक तुकडा काढला. वीतभर, चौकोनी, चारी कोपऱ्यांना छिद्रं. "हिची चौकट घरी हुती, तिच्यावर ठिवून कापला. खिळ्यात अडकवायचा, कुंचा मारायचा, काढायचा."

"वीस झाडं, चार-चार ठिकाणी?"

"मुकादम शिव्या द्यायला लागला की. म्हनला, झाडाला खिडक्या पाडतोयस काय? मंत्री इचारतील ही भोकं कसली. म्हटलं, म्हनावं पोरीच्या अभ्यासाची हायत."

"पण अप्पा," मी म्हटलं, "मी काय बघते ते तुम्हाला कधी सांगितलंच नव्हतं." आणि हे खरं होतं. गावात लोक म्हणायचे, हिला शिकवून शिकवून झाडावरचे डाग मोजायला लावलंय. म्हणून घरी मी विषयच काढत नसे.

"काय बघतीस ते न्हाई ठावं," अप्पा म्हणाले. "पर तितंच बघतीस एवढं ठावं हाय. वरीसभर रस्त्यावनं बघतोय की तुला."

सरांनी आकाशाकडं बघितलं. पश्चिमेला वळवाचे ढग होते. "हे बघा," ते अप्पांना म्हणाले, "तुम्ही चौकट राखली. पण पाऊस पडला की वरचा चुना विरघळून खाली चौकटीत उतरणार. साल बदलणार. त्याच्या आत मोजायला पायजे."

"मग बसलाय कशाला?" अप्पा म्हणाले. ते सरांना म्हणाले, आमच्या सरांना! सर हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू.

तो दिवस आणि दुसरा दिवस आम्ही मोजत होतो. सर चौकट धरायचे, मी लिहायचे, काम सुटल्यावर अप्पा येऊन फवारा मारायचे, कारण ती जादू त्यांना फार आवडली होती. दुपारी अव्वानं भाकरी आणि झुणका आणला. सरांनी भाकरी खाता खाता अप्पांना प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि थांबेनात. ह्या रस्त्यावर किती वर्षं? अठरा. ओढ्याकडच्या झाडांवर जास्त का? ओल असती. नाण्यावर का नाही? साल टाकतो, कोण बसणार? मग अप्पा एका वाकलेल्या किंजळीकडं बोट दाखवून म्हणाले, "आनि असलं वाकडं झाड असलं की पाठीवर बसतंय, पोटाला न्हाई बसत. पाठीवर पावसाचं पानी येतंय, पोट कोरडं."

सरांनी भाकरी खाली ठेवली. माझ्याकडं वळले. "ऐन, तुझ्या प्रबंधात हे कितव्या पानावर हाय?"

"तिसऱ्या प्रकरणात, सर. बारा पानं आहेत."

"बारा पानं! ह्यांनी एका दमात सांगितलं." आणि मग अप्पांना, "तुम्ही ह्या पोरीला शिकवायला कोल्हापूरला कशाला धाडलं हो?"

"मला लिवायला येत न्हाई," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटची चौकट झाली. माझ्या वीसातली शेवटची तीन झाडं अजून रंगवायची राहिली होती, मुकादम घाई करत होता. मी वळून बघितलं तर चुन्याचा ज्यांना एवढा संताप, ते सर गोणपाटाचा तुकडा दोन्ही हातांनी सालीवर दाबून उभे होते आणि अप्पा त्याच्या कडेनं कुंचा मारत होते. मोजणी तर झाली होती. आता तो तुकडा धरायचं काही कारण उरलं नव्हतं. शर्टाच्या बाहीपर्यंत चुना उडाला होता.

"जरा डावीकडं घ्या," अप्पा म्हणाले.

"घेतलं," सर म्हणाले.

वळीव तिसऱ्या दिवशी आला.

प्रबंध झाला. मी पास झाले, नोकरीला लागले, धाकट्या भावाला शिकवलं. पण सरांची आठवण निघाली की मला निकालाच्या आधीची एक सकाळ आठवते. कोल्हापूरला परतल्यावर ते सगळ्यात आधी कॉलेजच्या पंपघराजवळ गेले. मामा तिथं बिडी ओढत बसले होते. मी प्रयोगशाळेच्या खिडकीत होते.

"मामा," सर म्हणाले, "त्या दिवशी मी जनावरासारखं बोललो तुम्हाला."

मामांनी बिडी विझवली. "व्हय की. बोलला की."

"चुकलं."

"चुकलं की," मामा म्हणाले. मग जरा सरकून जागा करत, "च्या घेताय काय?"

त्यानंतर रोज अकरा वाजता सरांचा चहा पंपघरात व्हायला लागला. मामांना त्यांनी 'शिवण' हे झाड दिलं. कारण कुणाला सांगितलं नाही.

पुढं रस्ता रुंद झाला. माझी रस्त्याकडची वीसही झाडं त्यात गेली. मला वाईट वाटलं, पण वाटलं होतं तितकं नाही. अप्पा तोवर निवृत्त झाले होते. गोणपाटाचा तो तुकडा त्यांनी कोपऱ्यातल्या खिळ्याला अडकवून ठेवला होता आणि कुणाला काढू द्यायचे नाहीत. आतली वीस झाडं अजून आहेत. एका पावसाळ्यात मी भाच्यांना घेऊन गेले, फवाऱ्याची बाटली घेतली होती, पण तिची गरज पडली नाही.

सर निवृत्त झाल्यावर मी त्यांना बरीच वर्षं भेटले नाही. लाज वाटायची, एवढी वर्षं गेले नाही, आता कसं जायचं. मग सावर भेटली आणि म्हणाली, सर फार आजारी आहेत म्हणे, माणसं ओळखत नाहीत म्हणे. सावरचं सगळंच खरं नसतं हे मला ठाऊक होतं. तरी मी बसमध्ये बसले तेव्हापासून मन तयार करत होते, कागलला, पुढं शिरोलीच्या नाक्याला, रिक्षात. सरांनी मला ओळखलंच नाही तर काय बोलायचं, त्याची वाक्यं जुळवत होते.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडली. कुठल्याशा कार्यक्रमासाठी गल्लीतल्या सगळ्या झाडांना गेरू-चुना लागला होता. एकसारखे तांबडे-पांढरे बुंधे, ओळीनं. सरांच्या फाटकासमोर जुना शिरीष आहे. मी त्याच्यापाशी आले आणि थांबले. पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, वीतभर सालीचा चौकोन मोकळा होता. एक कड जरा तिरकी गेली होती, धरणाऱ्याचा हात थरथरला असावा. मी बोट लावून बघितलं. बोटाला पांढरं लागलं.

चुना ओला होता.

मी फाटक उघडलं.